रोमच्या राजाचं दुसरं नाव

(दृश्य: खडकात खोदलेली उतरती वाट, आत अंधार)

हे वुल्ची. मध्य इटलीतलं, रोमच्या उत्तरेला नांदलेल्या इट्रुस्कन लोकांचं एके काळचं गजबजलेलं शहर. १८५७ साली अलेस्सांद्रो फ्रान्सवा या उत्खननकाराने इथे एक भुयारी थडगं उघडलं. साटिएस नावाच्या बड्या घराण्याचं. भिंती रंगवलेल्या होत्या.

(दृश्य: भित्तिचित्राची प्रतिकृती, एकेका जोडीवर थांबत)

हात बांधलेला हा माणूस काइले विपिनास. तलवारीने त्याचे दोर कापतोय तो मास्तर्ना. कोण कोण आहे हे ओळखायला आपल्याला डोकं खाजवावं लागत नाही. चित्रकाराने प्रत्येकाशेजारी नाव लिहून ठेवलंय. पुढे कापाकापी चालू आहे, आणि मरणाऱ्यांकडे नीट बघा. कुणी अंगावरच्या वस्त्रातच गुरफटलेला. बहुधा झोपेतच गाठलंय त्यांना.

(दृश्य: शेवटची जोडी, मग शेजारच्या अक्षरांचा क्लोजअप)

आणि हा दाढीवाला. मार्के कामित्लनास तलवार घेऊन याच्या अंगावर आलाय. बाजूची अक्षरं उजवीकडून डावीकडे वाचायची: क्नेवे तार्खुनिएस रुमाख. म्हणजे रोमचा ग्नेयस टार्क्विनियस.

रोमन इतिहासात टार्क्विन घराण्याचे दोन राजे येतात, आणि दोघांचंही नाव लुसियस. ग्नेयस नावाचा टार्क्विन राजा त्यांच्या यादीत नाहीच!

ती यादी आपल्यापर्यंत आली कशी? मुख्यतः रोमन इतिहासकार लिव्हीकडून. तो लिहितोय सम्राट ऑगस्टसच्या काळात, या राजांनंतर पाचशे वर्षांनी. तोच सांगून टाकतो की गॉल टोळ्यांनी रोम जाळलं तेव्हा जुन्या नोंदी बहुतेक खाक झाल्या. पहिला रोमन इतिहासकार फेबियस पिक्टर, तोही इ.स.पू. २०० च्या आसपासचा, आणि लिहिलं त्याने ग्रीकमध्ये. हे थडगं इ.स.पू. चौथ्या शतकातलं, दोघांच्याही आधीचं. तरी वर्गात शिकवतात ती लिव्हीचीच गोष्ट: सर्व्हियस टुलियस, बंदिवान बाईच्या पोटी जन्मून राजवाड्यात वाढलेला पोर, झोपेत त्याच्या डोक्याभोवती ज्वाळा दिसल्या, पुढे तो रोमचा राजा झाला.

(दृश्य: ल्योंच्या संग्रहालयातला कांस्यपट, दोन तुकडे)

आता फ्रान्समधलं ल्यों. १५२८ साली इथे सापडलेल्या या कांस्यपटावर सम्राट क्लॉडियसचं इ.स. ४८ मधलं भाषण कोरलंय. गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या, मातब्बरांना रोमच्या सेनेटमध्ये घ्यावं की नाही, असा वाद होता. क्लॉडियस म्हणतो, आपल्याकडे बाहेरचे राजेसुद्धा झालेत. सर्व्हियस टुलियसचंच घ्या. इट्रुस्कन ग्रंथांप्रमाणे तो केलियस विबेन्नाचा जिवलग साथीदार, आणि त्याचं मूळ नाव मास्तर्ना.

भिंतीवर दोर कापणारा तोच मास्तर्ना. केलियस विबेन्ना म्हणजे आपला काइले विपिनास.

क्लॉडियस हे ऐकीव सांगत नव्हता. इट्रुस्कनांवर त्याने वीस खंडांचा इतिहास लिहिला होता, ग्रीकमध्येच. त्यातलं पानही उरलेलं नाही. लिव्हीची पस्तीस पुस्तकं मात्र शाबूत आहेत. वुल्ची इ.स.पू. २८० मध्ये रोमने जिंकलं, आणि एकोणिसाव्या शतकात ही चित्रं भिंतीवरून सोलून रोमला नेली.

(दृश्य: काळ्या मातीचा चषक, कोरलेली ओळ)

हा चषक रोमच्या वेशीवरच्या वेई शहरातल्या देवस्थानातला. इ.स.पू. सहाव्या शतकातला, म्हणजे परंपरेने सर्व्हियसचा मानलेला काळ. त्यावर अर्पण करणाऱ्याचं नाव आहे: आविले विपिएन्नास. वुल्चीच्या भिंतीवरही एक आवले विपिनास लढतो आहे. दोघं एकच, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण विबेन्ना हे नाव कुणा कवीने नंतर रचलेलं नव्हतं, एवढं या चषकाने पक्कं केलं. मास्तर्ना आणि सर्व्हियस एकच का, यावर अभ्यासक अजून भांडताहेत.