कागद घरातून बाहेर येतो तेव्हा

नमस्कार मंडळी. इतिहास मंडळाचं खरं काम जुने कागद सांभाळण्याचं. व्याख्यानं, प्रदर्शनं, मोडीचे वर्ग ही त्यावरची हौस, असं मला अनेकांनी ऐकवलं आहे. मला ते मुळीच पटत नाही. सांभाळायला कागद आधी मंडळापर्यंत पोचावा लागतो, आणि तो ओळखीनं, विश्वासानंच पोचतो.

जेधे शकावलीचंच बघा. शकावली म्हणजे शकवार, तारखेवार घटनांची नोंद. भोर भागातल्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरात ती होती. घरच्यांनी ती लोकमान्य टिळकांच्या हाती दिली आणि १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे ती प्रसिद्ध झाली. शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ सालचा मानण्याची तोवर वहिवाट होती. या शकावलीत नोंद निघाली शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. आज याच तारखेला सरकारी शिवजयंती होते. इतकी मोठी गोष्ट एका देशमुखाच्या वाड्यात पडून होती! ती बाहेर आली, कारण टिळकांवर त्या घराचा भरवसा होता.

ज्यांनी हे भारत इतिहास संशोधक मंडळ ७ जुलै १९१० रोजी पुण्यात खंडेराव मेहेंदळ्यांच्या साथीनं काढलं, ते इतिहासाचार्य राजवाडे आयुष्यभर याच भरवशासाठी गावोगाव हिंडले. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड अशा भटकंतीतून उभे राहिले, पहिला १८९८चा. ३१ डिसेंबर १९२६ला ते धुळ्यात गेले आणि पुढच्याच वर्षी धुळेकरांनी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं केलं.

कागद दाखवायला लोक का कचरतात? इनामाचा, वतनाचा कागद परक्याच्या नजरेला पडला तर भाऊबंदकीत नवा वाद निघेल, ही भीती आजही आहे, आणि ती अगदीच अनाठायी नाही. म्हणून मंडळानं आपला नियम स्पष्ट सांगावा: मूळ कागद मालकाचाच, नक्कल फक्त अभ्यासासाठी.

आता रुमाल उघडल्यावर काय दिसतं ते सांगतो. रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं दप्तर. लांब कागद असेल तर एकाखाली एक बंद, म्हणजे सुटे तुकडे, खळीनं चिकटवलेले असतात. कसर ही कीड पहिल्यांदा या जोडांवरच तुटून पडते, कारण खळ हे तिचं खाणं. जोड सुटले की बंदांचा क्रम हरवतो आणि मग शेवटचं ‘मोर्तब सूद’, म्हणजे मजकूर संपल्याचा शिक्का, कुठल्या मजकुराचं, हे ठरवता ठरवता नाकी नऊ येतात. म्हणून सुटलेले बंद आधी जसे निघाले त्याच क्रमानं ठेवायचे, मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं हलकेच आकडा टाकायचा, मगच पुढचं. काजळाची शाई उजेडानं सहसा फिकी पडत नाही, पण पाणी लागलं की पसरते. तेव्हा ओल्या फडक्यानं धूळ पुसायला कुणी निघालं तर त्याचा हात धरा. सेलोटेप तर नकोच नको. वर्षं गेली की त्याचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो. लॅमिनेशनही नको, ते सुखरूप काढता येत नाही. फाटलेल्या जागी गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ आणि जपानी टिश्यू वापरतात, कारण हा जोड पुन्हा ओलावून सोडवता येतो. पण हे शिकलेल्या माणसानंच करावं. घरच्यांनी कागद कोरड्या जागी, स्वच्छ सुती कापडात बांधून ठेवला तरी निम्मं काम झालं.

कागद वाचला, तरी तो वाचणार कोण? पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद आहेत. त्यातले निवडक इतिहासकार गो. स. सरदेसायांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत पंचेचाळीस भागांत छापले. बाकीचा मोठा साठा अजून वाचकाची वाट पाहतो आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर शाळांतून मोडी गेली आणि नातवाला आजोबांचं पत्र परकं झालं. म्हणून मोडीचा वर्ग मला प्रदर्शनाइतकाच, खरं तर जास्त, मोलाचा वाटतो. शिकलेला माणूस पहिलं काय करतो, तर घरी जाऊन माळ्यावरची पेटी उघडतो. मंडळाकडे नवा कागद येतो तो बहुधा याच वाटेनं.

गावफेरीचंही तसंच. देवळाबाहेरच्या वीरगळावर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेवर, दर वर्षी ऑइलपेंट चढतो, तो भक्तीपोटीच. खालच्या चौकटीत लढाई, मधे वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपूजा, हे एकदा उन्हात उभं राहून बोटानं दाखवलं की पुढच्या वर्षी रंगाचा डबा आणणाराच इतरांना थांबवतो.

तर येत्या रविवारी आपण ‘घरचा कागद’ हा दिवस ठेवला आहे. दप्तर जसं असेल तसंच आणा, झटकूसुद्धा नका. तुमच्यासमोर टेबलावर फोटो काढू, यादी करून पोचपावती देऊ आणि मूळ कागद त्याच दिवशी तुमच्याबरोबर घरी जाईल. वाचून काय निघालं, तेही आधी तुम्हालाच सांगू. तुमच्या परवानगीशिवाय त्यातली एक ओळही छापणार नाही.