पाण्याला वाट, घराला जोतं

(दृश्य: हॅम्बुर्गच्या हाफेनसिटी या वस्तीतल्या मॅगेलन टेरेसेसच्या रुंद पायऱ्या. तळाशी तरंगता धक्का, त्याला बांधलेली जुनी जहाजं.)

जर्मनीतलं हॅम्बुर्ग समुद्रापासून सुमारे १०० किलोमीटर आत, एल्ब नदीच्या काठी आहे. तरीही दिवसातून दोनदा भरती इथवर येते आणि पाणी साडेतीन मीटरांहून जास्त चढतं. हा खालचा धक्का तरंगता आहे. पाणी चढलं की तोही चढतो, जहाजांसकट.

आता नजर वर न्या. समुद्रसपाटीपासून साधारण साडेचार मीटरांवर पाण्याकडेनं फिरायचा रस्ता आहे. त्याच्याही वर, साडेसात मीटरांवर, वाहनांचा रस्ता. मोठं उधाण आलं की फिरायचा रस्ता पाण्याखाली जातो. तो जाणारच, हे धरूनच बांधलाय.

(दृश्य: १९६२ च्या पुराची कृष्णधवल छायाचित्रं.)

हे शहाणपण स्वस्तात आलेलं नाही. १६ फेब्रुवारी १९६२ च्या रात्री उत्तर समुद्रातल्या वादळानं नदीत पाणी लोटलं, बांध फुटले, आणि एकट्या हॅम्बुर्गमध्ये ३१५ माणसं गेली. पुढे बांध उंच केले गेले. पण जुनी गोदी बांधाच्या बाहेर, नदीच्या बाजूलाच राहिली. कंटेनरची अवाढव्य जहाजं दुसरीकडे लागू लागली, इथली वर्दळ आटली, आणि १९९७ साली याच जागेवर नवी वस्ती वसवायचं जाहीर झालं. तीच ही हाफेनसिटी. क्षेत्र १५७ हेक्टर.

इथे बांध का घातला नाही? घातला असता तर आधी तो सगळा पुरा करावा लागला असता, मगच पहिलं घर. शिवाय पाणी भिंतीआड गेलं असतं. म्हणून उत्तर समुद्राकाठच्या शेतकऱ्यांची जुनी रीत उचलली. ते मातीचा उंचवटा रचून त्यावर घर बांधायचे. इथे इमारतींना समुद्रसपाटीपासून आठ-नऊ मीटर उंचीचं जोतं दिलंय. जोत्याच्या पोटात पार्किंग. एक इमारत उभी राहिली की ती सुरक्षित, शेजारची होईपर्यंत थांबायला नको. पुरातही जा-ये करता यावी, अग्निशमन दलाला पोचता यावं, म्हणून किबेलस्टेगचे उंच पूल जुन्या शहराकडे नेलेत.

डिसेंबर २०१३ च्या वादळात पाणी ६.०९ मीटरांवर गेलं. १९६२ पेक्षाही वर! पण तेव्हासारखा आकांत या वेळी झाला नाही.

(दृश्य: एल्बफिलहार्मोनी, जुन्या वखारीवर उभारलेलं काचेचं संगीतगृह. कॅमेरा विटांच्या भिंतीवरून हळूहळू काचेकडे.)

वरच्या काचेचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. मला मात्र खालच्या विटा जास्त मोलाच्या वाटतात. ही १९६० च्या दशकातली वखार. कोको, चहा, तंबाखू इथे उतरायचा. तिच्या बाहेरच्या भिंती राखल्या, जमिनीत रोवलेल्या १,१११ पाइल्सना, म्हणजे पायाच्या खांबांना, आणखी ६३४ ची जोड दिली आणि वर संगीतगृह चढवलं. ते २०१७ मध्ये खुलं झालं. खर्च अफाट वाढला, त्यावर शहरात वर्षानुवर्षं वाद झाले आणि ते व्हायलाच हवे होते. पण वखार जमीनदोस्त केली नाही, हे फार चांगलं केलं.

नव्या इमारतींनाही असा दुसरा जन्म मिळावा, याची तजवीज इथे आधीच दिसते. बऱ्याच ठिकाणी तळमजल्याची उंची पाच मीटर ठेवली आहे. आज तिथे दुकान असेल, उद्या वाचनालय येईल. त्यासाठी भिंत पाडावी लागली तरी इमारत पाडावी लागणार नाही.