बाईंना भेटायला जाताना वही सोबत न्या

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या मुलाला वाचायला-लिहायला जड जातंय असं वाटत असेल, तर ते पालकसभेच्या गर्दीत सांगू नका. मागे रांग असते आणि शेजारी उभं असलेलं मूल सगळं ऐकत असतं. आधी निरोप द्या, "बाई, शाळा सुटल्यावर थोडा वेळ बोलायचं होतं."

जाताना त्याची वही न्या. "याचं लक्षच नसतं" एवढ्यावरून बाईंना काहीच कळत नाही. घ-ध, भ-म यांची अदलाबदल, गळलेले काना-मात्रा, त्रेपन्न सांगितलं तर लिहिलेले 35, हे पानावर दाखवा. तेच उत्तर तोंडी बरोबर येत असेल, तर तेही आवर्जून सांगा. मग त्यांचं ऐका. फळ्यावरचं उतरवताना तो मागे पडतो का? मधल्या सुट्टीत कुणात मिसळतो का? घरी न दिसणारं बरंच काही वर्गात दिसतं.

डोळे आणि कान तपासून घ्या. दोन्ही ठीक असूनही अडचण राहिली, तर तज्ज्ञांकडून अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचणं, लिहिणं किंवा गणित जड जाण्याची, चाचणी करून घ्या. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमताही आहे. तेव्हा शाळेकडे सवलत मागताना ओशाळं होऊ नका.

वर्गात पन्नासेक मुलं असली, की एका बाईंना सगळं जमणं कठीणच. म्हणून सुरुवातीला एकच गोष्ट मागा. माझं ऐकाल तर ही मागा: त्याला सगळ्यांसमोर उभं करून वाचायला लावू नका. वर्ग एकदा हसला की मूल पुस्तक उघडायलाच घाबरतं, आणि ती भीती घालवणं अक्षरं शिकवण्याहून फार अवघड असतं. वाचून घ्यायचंच असेल तर बाईंनी जवळ बोलावून घ्यावं. महिन्याभराने पुन्हा भेटा, फरक पडला असेल तर तो बाईंना मोकळेपणाने सांगा. शाळा जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची असेल, तर समग्र शिक्षा अभियान या सरकारी योजनेतले, अशा मुलांना मदत करणारे विशेष शिक्षक कधी येतात, हे मुख्याध्यापकांना विचारा.

दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, पण त्यांचा अर्ज शाळेमार्फत बोर्डाकडे जातो आणि सोबत अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र लागतं. सरकारी रुग्णालयात त्यासाठी बरेच हेलपाटे पडू शकतात. म्हणून नववीतच मुख्याध्यापकांना भेटा, अर्ज लेखी द्या आणि त्याची पोच घ्या.