पाठीमागची ट्यूबलाइट

(दृश्य : दिवेलागणीची वेळ. चाळीतली खोली. बटण दाबल्याचा आवाज.)

दाराच्या वर, छताला लागून, 4 फुटी ट्यूब. वायरमनने कधीकाळी पॉइंट काढून दिला, तिथेच ती आजही आहे. टेबल मात्र समोरच्या भिंतीला. म्हणजे लिहायला बसलं की उजेड पाठीवर आणि आपल्याच डोक्याची सावली वहीवर.

रात्री डोळे चुरचुरले, कपाळ ठणकलं की घरोघरी उपाय एकच, जास्त वॅटची ट्यूब आणा. जरा हिशेब करू. 20 वॅटची एलईडी ट्यूब साधारण 2000 ल्युमेन देते; ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप. 10 बाय 12 ची खोली म्हणजे सुमारे 11 चौरस मीटर. वाटेत काहीच वाया गेलं नाही असं धरलं, तरी वाट्याला येतात 180 लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला 180 ल्युमेन. लिहिण्या-वाचण्यासाठी ऑफिसांत 500 लक्स धरतात. तेवढे सगळ्या खोलीत कशाला हवेत? वहीवर पुरेत.

(दृश्य : टेबल लॅम्प हळूहळू खाली येतो.)

बल्ब कागदापासून निम्म्या अंतरावर आणला की उजेड चौपट होतो. त्यामुळे 9 वॅटचा साधा एलईडी बल्बही टेबल लॅम्पमध्ये भरपूर होतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने तो डावीकडे ठेवावा, म्हणजे हाताची सावली आड येत नाही. बल्ब मात्र शेडच्या आतच हवा, डोळ्यांत घुसता कामा नये.

(दृश्य : आजी सुईत दोरा ओवतेय.)

"दिसत नाही गं मला."
"आजी, अगं, लख्ख उजेड आहे की!"

दोघीही खरंच बोलताहेत. वयाबरोबर बुबुळामधली बाहुली आक्रसते, भिंग पिवळसर होतं. साठीत डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या मानाने जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो. नातीचा लख्ख उजेड आजीला संधिप्रकाशच.

(दृश्य : अंधाऱ्या खोलीत टीव्हीवर क्रिकेट.)

मॅच बघताना दिवे घालवायची हौस अनेकांना. भगभगता पडदा आणि भोवती मिट्ट काळोख, डोळे शिणणारच. टीव्हीच्या मागे एखादा मंद पिवळा दिवा असू द्यावा. लॅपटॉपला खिडकी बाजूने हवी. पाठीमागे असली तर पडद्यावर चकाकी, समोर असली तर डोळ्यांवर तिरीप. आणि पडद्याकडे टक लावली की पापण्या लवणं निम्म्याने कमी होतं. डोळे कोरडे पडण्याचं ते कारण, तिथे दिव्याला दोष देऊन उपयोग नाही.

कमी उजेडात वाचून डोळे कायमचे बिघडतात, हा धाक मात्र खोटा. ते थकतात, झोपेनंतर ताजे होतात.

(दृश्य : आई आणि नात टेबल सरकवताहेत. फरशीवर पायांचा करकर आवाज.)

टेबल फिरवलं. खिडकी आता डावीकडे आली, ट्यूबही बाजूला गेली. नव्या लॅम्पखाली नात बसणार, एवढ्यात आजीने तो उचलून शिवणाच्या डब्याजवळ नेला.