रिफॉर्म क्लबचा बल्लवाचार्य

नमस्कार मंडळी. स्क्रीनवरचं हे जुनं चित्र जरा निरखून बघा. मधोमध बारा बाजूंचं भलंमोठं टेबल, भोवती स्वयंपाकी, आणि पलीकडे खोल्याच खोल्या. एखाद्या राजवाड्याचा मुदपाकखाना वाटेल, पण हे लंडनमधल्या एका खासगी क्लबचं स्वयंपाकघर आहे. पॉल मॉल रस्त्यावरचा रिफॉर्म क्लब. या चित्राच्या छापील प्रती त्या काळी हातोहात विकल्या गेल्या होत्या!

क्लब निघाला राजकारणातून. तेव्हा इंग्लंडात ओल्ड सॅरम नावाच्या ठिकाणी धड वस्तीही उरली नव्हती, तरी तिथून दोन खासदार निवडून जायचे. गजबजलेल्या मँचेस्टरला मात्र स्वतःचा एकही खासदार नव्हता. 1832 च्या सुधारणा कायद्याने, म्हणजे ‘रिफॉर्म ॲक्ट’ने, हा अन्याय बराचसा दूर केला. कामगारांना आणि बायकांना मताचा हक्क तेव्हाही मिळाला नाही, हे विसरू नका. विरोधकांनी त्याच वर्षी कार्लटन क्लब काढला, तर कायद्याच्या समर्थकांनी 1836 मध्ये रिफॉर्म क्लब. वास्तुविशारद चार्ल्स बॅरी याने रोमच्या फार्नेसे प्रासादाच्या धर्तीवर इमारत बांधली आणि 1841 मध्ये ती उघडली. बायकांना इथे सदस्य होता आलं ते थेट 1981 मध्ये.

पण मला ओढ आहे ती तळघराची. तिथला मुख्य आचारी होता आलेक्सी सोयेर, मूळचा फ्रान्सचा. स्वयंपाकघराची आखणी त्याने बॅरीच्या बरोबरीने केली. आज आपल्या ओट्यावर गॅसची शेगडी असते, त्यात काही नवल वाटत नाही. पण तेव्हा कोळशाच्या धगीसमोर उभं राहून स्वयंपाक करायचा म्हणजे आचाऱ्याची फुप्फुसंच जळायची. सोयेरने गॅस आणला. आच हवी तेवढी वाढवा, काम झालं की बंद करा. मासे गार राहावेत म्हणून बर्फाच्या पाण्याने थंड ठेवलेले ओटे होते. लोक मुद्दाम हे सगळं बघायला येत. हॅमचा चुरा मिसळलेल्या ब्रेडक्रम्समध्ये घोळवून तळलेली त्याची मटण कटलेट क्लबच्या नावाने आजही ओळखली जातात.

आणि मग आयर्लंडात बटाट्याचं पीक कुजलं. माणसं उपाशी मरू लागली. 1847 मध्ये सोयेर डब्लिनला गेला आणि त्याने सूपचं अन्नछत्र उघडलं. लांबलचक टेबलांत वाडगे बसवलेले, प्रत्येक वाडग्याला साखळीने बांधलेला चमचा. घंटा वाजली की शंभर जण आत, काही मिनिटांत खाऊन बाहेर, लगेच पुढचे शंभर. या पातळ सूपने अंगात ताकद येणार कशी, असं डॉक्टरांनी तेव्हाच विचारलं होतं, आणि ती टीका मला पटते. त्या साखळ्यांचं वर्णन वाचताना तर पोटात तुटतं. तरीही श्रीमंतांच्या पंक्तीत वाहवा मिळवणारा माणूस आपली विद्या घेऊन भुकेल्यांच्या रांगेपाशी गेला, याचं मोल मी कमी मानणार नाही.

1850 मध्ये त्याने क्लब सोडला. 1855 मध्ये क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांचे खाण्यापिण्याचे हाल वाचून तो स्वखर्चाने तुर्कस्तानातल्या स्कुतारीच्या लष्करी इस्पितळात पोहोचला. तिथे फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या. जेवण कसं सुधारायचं हे त्याने सैनिकांनाच शिकवलं. सोबत त्याने स्वतः आखलेली एक चूल होती: पिंपासारखी बंदिस्त, खाली जाळ, वर पातेलं. सरपण थोडंसंच लागे, वाऱ्यापावसात विझत नसे, आणि रात्री जाळ बाहेर दिसत नसल्यामुळे शत्रूला छावणीचा पत्ता लागत नसे. 1858 मध्ये सोयेर गेला. ती चूल मात्र ब्रिटिश सैन्यात पुढे शंभर वर्षांहून जास्त काळ पेटत राहिली.