गॉब्लिनची बाजू ऐकतंय कोण?

रात्र झालीये, बाकीचे खाणकामगार घरी गेलेत, आणि कर्डी नावाचा बाराएक वर्षांचा पोरगा एकटाच खाणीत थांबून जास्तीचं काम करतोय, कारण हिवाळा तोंडावर आलाय आणि आईला लाल गरम परकर घ्यायचाय. तेवढ्यात खडकाच्या पलीकडून बोलण्याचे आवाज येतात. पलीकडे एक गॉब्लिन (युरोपातल्या लोककथांमधली बुटकी, कुरूप, खोडसाळ जमात) फॅमिली सामानसुमान बांधून घर बदलायच्या तयारीत आहे आणि नवरा-बायको-पोरं सगळे मस्त एकमेकांशी हुज्जत घालतायत. त्या गप्पांतूनच कर्डीला कळतं की यांचं डोकं दगडासारखं कडक असलं तरी पाय एकदम नाजूक, म्हणजे मारायचं तर पायावर मारायचं.

हा सीन आहे जॉर्ज मॅकडोनाल्ड या स्कॉटिश लेखकाच्या 'द प्रिन्सेस अँड द गॉब्लिन' मधला, साल 1872. आजच्या फँटसीतला गॉब्लिन बऱ्यापैकी इथूनच निघालाय. पण मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती म्हणजे हे लोक जमिनीखाली गेले कसे. मॅकडोनाल्ड म्हणतो, पूर्वी ते वरतीच राहायचे, दिसायलाही आपल्यासारखेच होते, मग म्हणे राजाने कर वाढवले, कायदे कडक केले, आणि ही मंडळी दुसऱ्या देशात जायच्या ऐवजी सरळ गुहांमध्ये उतरली. पिढ्यान् पिढ्या उन्हाशिवाय काढल्यावर अंगाने बेढब झाली, डोक्याने मात्र तल्लख. व्हिलन आहेतच ते, राजकन्येला पळवायचा प्लॅन करतात, पण त्यांच्या रागाला कारण आहे.

1937 मध्ये टॉल्किन या इंग्रज लेखकाची 'द हॉबिट' ही कादंबरी आली. टॉल्किनने एका पत्रात स्वतःच कबूल केलंय की आपण मॅकडोनाल्डचं बरंच देणं लागतो, फक्त ते नाजूक पाय आपल्याला कधी पटले नाहीत. पाय गेले ते गेले, त्यासोबत ती कराची भानगडही गेली. राहिले ते हातोडे, चिमटे, छळाची हत्यारं बनवणारे, कैद्यांना मरेपर्यंत राबवणारे गॉब्लिन. यंत्रं आणि स्फोट यांची त्यांना फार आवड, असं टॉल्किन लिहितो, आणि हा माणूस 1916 ला, पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या सॉमच्या लढाईच्या खंदकांत होता हे माहीत असलं की ते वाक्य वेगळंच वाचलं जातं.

पुढे 1974 ला डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलावर बसून खेळायचा रोल-प्लेइंग गेम आला आणि गॉब्लिन झाला नवशिक्या प्लेयरची प्रॅक्टिस. 2014 च्या एडिशनमध्ये साध्या गॉब्लिनचे हिट पॉइंट्स, म्हणजे मार सोसायची ताकद, किती, तर 7. तलवारीचा एक बरा वार बसला की विषय संपला. त्याची बायकापोरं, त्याची हुज्जत, कोण बघतंय!

बाजू परत ऐकू आली ती हॅरी पॉटरमध्ये, तीपण अर्धवट. बँक चालवणारे, नाकाडे, पैशाला चिकट गॉब्लिन बघून ज्यूंबद्दलच्या जुन्या विखारी व्यंगचित्रांची आठवण होते अशी टीका झालीये आणि ती उगाच नाहीये. पण 2007 च्या शेवटच्या पुस्तकात हॅरीच्या मित्राचा, रॉनचा, भाऊ बिल वीझली हॅरीला बाजूला घेऊन एक गोष्ट समजावतो: गॉब्लिनच्या हिशोबात वस्तूचा मालक म्हणजे ती घडवणारा, पैसे देणाऱ्याने ती फक्त भाड्याने घेतलेली असते, आणि तो मेल्यावर ती परत न करता वारसाला देऊन टाकली तर ती सरळ सरळ चोरी. या हिशोबाने गॉब्लिननी घडवलेली ग्रिफिंडॉरची तलवार ग्रिपहुक नावाच्या गॉब्लिनच्या लोकांचीच ना! हॅरी त्याला तलवार कबूल करतो खरं, पण कधी देणार हे मुद्दाम बोलत नाही, आणि ग्रिपहुक संधी मिळताच ती घेऊन पळतो तर गद्दार कोण, तर म्हणे ग्रिपहुक. वर यांना जादूची कांडी बाळगायलाही कायद्याने बंदी.

हल्ली तर वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये 2010 पासून आणि पाथफाइंडर या रोल-प्लेइंग गेमच्या 2019 च्या मेन रुलबुकपासून तुम्ही स्वतःच गॉब्लिन होऊन खेळू शकता. हॅरी पॉटरमधली ती तलवार मात्र शेवटी शाळेच्या जादूच्या टोपीतून निघते आणि हॅरीचा वर्गमित्र नेव्हिल याच्या हातात जाते, भाडं कोणीच भरलेलं नाही.