विमा कंपनीचा आकडा आणि सुताराचा हात

(दृश्य: पुणे, शिवाजीनगर. जिल्हा न्यायालयाचा व्हरांडा.)

अपघातात चूक समोरच्या गाडीवाल्याची असते, पण भरपाई मागायची ती त्याच्या विमा कंपनीकडे. तिच्याशी आपला ना करार, ना ओळख. तरीही तो आपला हक्क आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, तो अशाच परक्या जखमी माणसासाठी.

गाडीच्या दुरुस्तीचं बरेच जण स्वतःच्या पॉलिसीतून भागवतात. खरा झगडा असतो तो शरीराच्या नुकसानीचा.

पंचनामा होतो. पोलिसांचा सविस्तर अपघात अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जातो. त्याची प्रत मागून घ्या, समोरच्या गाडीच्या विम्याचा तपशील त्यात सापडतो. मग कंपनीने नेमलेला अधिकारी तडजोडीची रक्कम सांगतो. घरात कमावणारा अंथरुणाला खिळलेला, दवाखान्याचं बिल थकलेलं. अशा वेळी समोर आलेला आकडा मोठाच वाटतो.

तो मोठा आहे का, हे मोजून बघता येतं.

(दृश्य: कोरा कागद. पेनने मांडला जाणारा हिशेब.)

समजा, ३३ वर्षांचा सुतार आहे, कमाई महिना २०,००० रुपये. वर्षाचे २,४०,०००. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या निकालानुसार, चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसासाठी पुढच्या वाढीचे ४० टक्के त्यात मिळवायचे. झाले ३,३६,०००. वर्षाच्या कमाईला किती पट करायचं हे वयावरून ठरतं, त्याला गुणक म्हणतात; या वयाचा गुणक १६. गुणाकार येतो ५३,७६,००० रुपये.

अपघातात त्याचा हात गेला. डॉक्टरांच्या दाखल्यावर, समजा, अपंगत्व ४० टक्के लिहिलंय. कंपनी तेवढंच धरते आणि रक्कम २१,५०,४०० वर येते.

इथे थांबा. सगळी मेख या टक्क्यात आहे. दाखला शरीराचं नुकसान सांगतो, भरपाई मात्र बुडालेल्या कमाईची असते. २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उदाहरणच सुताराचं आणि ड्रायव्हरचं दिलं: हात तुटला तर त्यांची कमाई जवळपास शंभर टक्के जाते, सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकेल. म्हणजे आपल्या सुताराचा दावा पूर्ण ५३,७६,००० चा होऊ शकतो. औषधोपचार, वेदना, पुढची ऑपरेशनं वेगळी.

म्हणून कामाचे पुरावे जपायचे. गिऱ्हाइकांच्या पावत्या, बँकेचं पासबुक, हाताखालच्या पोराची साक्ष. तोंडी सांगितलेली कमाई कंपनी मान्य करत नाही.

‘गाडीच्या ड्रायव्हरचं लायसन्सच वैध नव्हतं,’ असंही कंपनी सांगते. ऐकून परत फिरू नका. अशा दाव्यांत न्यायाधिकरण कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला आणि मग गाडीमालकाकडून वसूल करायला सांगू शकतं.

दावा अपघातापासून सहा महिन्यांत टाका, कायद्यात तशी मुदत आहे. तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही तो चालतो, अपघात परजिल्ह्यात झाला असला तरी.

लोकअदालतीत तडजोड करणं वाईट नाही. पैसे लवकर हातात येतात, वर्षानुवर्षांच्या तारखा वाचतात. पण तिथल्या निवाड्यावर अपील नसतं. सही करायच्या आधी हा हिशेब वकिलाकडून कागदावर मांडून घ्या, आणि अपंगत्वाचा टक्का कशावरून धरला ते अधिकाऱ्याला विचारा.